शेणकिड्याचं तोंड

सिंदेवाहीत लग्नसराई सरली
की माझा कॅमेरा रिकामा.
मग मी लेन्स उलटी बसवतो,
टोपणाला भोक पाडून, एमसीलनं चिकटवून,
आणि काडेपेटीतला पाहुणा
टाचणीवर उभा करतो.

आज शेणकिडा. कोसनकरांच्या गोठ्यामागे
मेलेला सापडला.
टूथब्रशच्या एका केसानं पुसला त्याला,
कपाळावरचा गोठा निघायला तासभर.

स्क्रू केसभर फिरवायचा, श्वास धरायचा, क्लिक.
पुन्हा केसभर.
नागभीडकडे धानाचा ट्रक गेला
तर सगळं पहिल्यापासून.

पडद्यावर हळूहळू डोकं जुळून येतं:
पुढं फावडं, काठाला दाते,
फावड्यावर खड्डे, खड्ड्याखड्ड्यात एकेक केस,
डोळ्यात शिरून त्याची फाळणी करणारी कड,
मिशांच्या टोकाला तीन पाकळ्या मिटलेल्या.
तोंड कुठंच नाही.

उलटा केला. सुईनं ओठ उचलला.
मला विळे हवे होते,
काळे, मोठे करून भिंतीवर लावण्याजोगे.
निघाली झालर,
भिजल्या कागदाइतकी मऊ,
आणि शेजारी बारीक चार बोटं,
जेवता जेवता कुणी हाक मारल्यासारखी
थांबलेली.

बावन्नाव्या फ्रेमला वच्छलाबाई नैताम आत आल्या.
निराधारच्या फॉर्मला फोटो पाहिजे.
तोंडावर पदर. तीस वर्षं हेच:
मी म्हणतो पदर खाली,
त्या ओठ आवळतात.

"हे का होय?"
"शेणकिड्याचं तोंड."
"दात कुठी आहेत मंग?"
"मोठेपणी चावायचे नाहीतच. रस पितो नुसता."

नाक काचेला टेकेपर्यंत पाहत राहिल्या.
त्या चार बोटांवर आपलं बोट ठेवलं:
"तांदूळ निवडून रायला थो."
मग फावड्यावर:
"अन् डोक्सं तं पाय!
दात नाही म्हून का गोठा सोडला का त्यानं?"

आणि टेबलावर हात मारून हसल्या,
पदर विसरून,
तीन दात आणि बाकी सगळ्या हिरड्या.
माझ्या हातात होती उलटी लेन्स,
जिला बोटभर अंतरापलीकडचं
काहीच दिसत नाही.

फॉर्मचा फोटो मग नियमानं काढला.
तोंड मिटलेलं, कान दिसतायत.

बावन्नावी फ्रेम हललेली आहे.
जुळवताना ती गाळायची असते.
मी नाही गाळली.
म्हणून त्या झालरीच्या काठाशी
थोडं धुरकट दिसतं,
जिवंत असल्यागत.