जाणं आणि येणं सारखं धरून

चांदिवलीच्या गच्चीवर
वेळ पकडणाऱ्या अँटेनापाशी
कावळीने घर मांडलंय
तारांचं, हँगरचं, कुणाच्या तरी चष्म्याच्या काडीचं.
डाबरे सर म्हणाले, पिल्लं उडेपर्यंत राहू दे,
तोवर वेळ शेजाऱ्यांकडून आणू,
वाटीभर साखर आणतात तशी.

मागायची रीत साधी आहे.
मी विचारते, किती वाजले,
आणि विचारल्याची वेळ टिपून ठेवते.
पलीकडचा ऐकल्याची टिपतो, बोलल्याची टिपतो,
उत्तर पोचलं की चौथी नोंद माझी.
मग वाटेत गेलेला वेळ काढायचा,
त्याचे दोन भाग करायचे,
जाणं आणि येणं सारखं धरून.

धरून.
साकीविहार रोडवरून रोज
वीस मिनिटांत जाऊन सव्वा तासाने परतणाऱ्या माणसाने
हे गणित मांडलं नसतं.

रात्री कळलं, चौदा नंबरच्या रॅकमधलं मशीन
शनिवारी एसी गेला तेव्हा तापलं
आणि तीन सेकंद पुढे निघून गेलं.
ओढू का मागे? ओवेसने विचारलं. नवा आहे.
सर म्हणाले, मागे कधी न्यायचं नाही रे,
जमा आधी पडेल आणि नावे नंतर.
त्याचा सेकंदच जरासा लांब कर,
कुणाला कळणार नाही इतका.
तीन सेकंदांसाठी शंभर मिनिटं.
बसलो मग. चहा दोनदा झाला.

माझगावला बाबा.
गोदीत टाइमकीपर होते,
मिनिटभर उशिराला अर्धा रोज कापायचे.
चैत्रात त्यांची उजवी बाजू गेली.
विचारलेलं लगेच पोचतं, डोळ्यांत दिसतं पोचलेलं.
उत्तर मात्र निघतं आणि
कुठल्या कुठल्या नाक्यावर थांबत राहतं.
सुरुवातीला मीच शब्द पुरवायचे,
चुकीचे पुरवायचे.
ते मान वळवून भिंतीकडे बघायचे.

काल निघताना विचारलं होतं,
घड्याळाची चावी कुठे ठेवलीत?
ओठ हलले. माझी बस होती. गेले.

आज सकाळी सातला दार उघडलं,
चपला काढत होते,
आतून एकेक अक्षर
उचलून ठेवल्यासारखं आलं:
पिठाच्या
डब्या
मागे.

हात घातला.
होती. पीठ लागलेली.