तयार आहे

इस्माइल्लीहून निघालेली गाडी कड्याला खांदा घासत वर आली.
ड्रायव्हर एका हाताने चालवत होता,
दुसऱ्याने सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं दरीत सोडत होता.
उतरले तेव्हा माझे गुडघे अजून वळणं घेत होते.

लाहिजची पेठ म्हणजे एकच गल्ली.
नदीतले गोटे उभे रोवलेले, चालताना खाली बघावंच लागतं,
म्हणून ती आधी ऐकू येते, दिसते नंतर :
ठण् ठण् ठ-ठण्,
मध्येच गप्प
(कुणीतरी चहाचा घोट घेतला असणार),
पुन्हा ठण्.

घरं दगडी, आणि दगडांच्या काही थरांनंतर आडवी लाकडाची पट्टी.
"भूकंप आला की घर थोडं सरकून बसतं,"
रानपुदिन्याच्या जुड्या विकणारी सोनागुल म्हणाली,
आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तशी
स्टुलावर हलून दाखवलं.
जुडी घ्यावीच लागली.

उस्ता हाजीबालाच्या दुकानाला पायरी नाही, खड्डा आहे.
कमरेइतका जमिनीत उतरून तो काम करतो,
गल्ली त्याला पावलांवरून कळते.
"रबरी तळवे. लांबून आलात," वर न बघताच म्हणाला.
माझी रशियन मोडकी, त्याची पोचे पडलेली.
जमलं.

भिंतभर तांबं. पराती, समोवार, गाळण्या,
सगळ्यांना दोऱ्याने बांधलेल्या किमती.
एका घागरीला तेवढी नव्हती.
बारीक गळा, कानाशी नवा खिळा,
आत कल्हई अशी, की वाकले तर माझंच कपाळ.
बुडाशी खडूने दोन शब्द.
केवढ्याला?

त्याने हातोडा मांडीवर ठेवला.
"बिलगेयिसची आहे. कान तुटला होता."
कधी आणली?
त्याने बोटं मोजली नाहीत, नातू दाखवला.
तूराल, भाता सोडून फोनमध्ये शिरलेला, नुकतं मिसरूड फुटलेलं.
"हा रांगत होता."

बिलगेयिस बाकूला गेली, लेकाकडे, हिवाळ्यापुरती.
नववा मजला. नळाला पाणी.
दर वसंतात उस्ता घागर खाली काढतो,
चढलेला हिरवटपणा घासतो,
नवसागराच्या धुरात डोळे मिटून
कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो.
खडूची अक्षरं पुसली जातात, ती पुन्हा लिहितो :
बिलगेयिस. तयार.

मला काय वाटलं कोण जाणे,
म्हटलं, परवा मी बाकूतच असेन,
पत्ता द्या, पोचवते.
ठोके थांबले. शेजारच्या दुकानातलेही.
तूरालनेसुद्धा मान वर केली.
"पोचवाल," उस्ता म्हणाला,
"मग ती इकडे कशाला येईल?"

चहा आला, कंबर असलेल्या इवल्या पेल्यात.
साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा.
माझा पहिल्या घोटातच विरघळला.
मी एक डाव घेतला, लहानसा,
त्याने तो आधी स्वतःच्या कानाशी वाजवला, मगच दिला.

परतीला ड्रायव्हर तोच, बिया त्याच.
पुदिना पिशवीत मान टाकून बसला
आणि अख्ख्या गाडीला त्याचा वास.

बाकूत उतरल्यावर मी उगाचच
इमारतींचे मजले मोजत चालले.
एका नवव्यावर कुणाच्या विजारी वाळत,
एकावर नुसती तबकडी,
एकावर एक म्हातारी प्लास्टिकच्या बाटलीने
कुंडीला पाणी घालत होती.
कुणीही असेल ती.
रस्त्यावर हॉर्नचा एवढा गदारोळ,
तरी मी खालून, मराठीतच,
जरा मोठ्याने म्हटलं :
तयार आहे हो.