आवई

बंद झालं म्हणे ते मॉडेल.
कोण म्हणालं? ट्रकवाल्या ऑर्विलचा मेहुणा.
त्याला कुणीतरी टल्साच्या प्रदर्शनात सांगितलं.
कंपनी ना हो म्हणते, ना नाही.

मंगळवारपर्यंत
व्हर्लिनच्या दुकानातलं काचेचं कपाट रिकामं.
ज्याच्याकडे एक होतं त्याने दुसरं नेलं,
ज्याला नको होतं त्यानेही,
हातचं जाऊ नये म्हणून.
व्हर्लिन पाटीवरचा आकडा खोडतो,
नवा लिहितो,
दुपारी तोही खोडतो.

दिवे लागता लागता लोरीन आली.
पिठाच्या रिकाम्या पिशवीत तेच मॉडेल,
नवऱ्याचं.
"एकदाच त्याने..."
वाक्य तिथंच सोडलं तिने.
पुढचं गावाला ठाऊक होतं.

व्हर्लिन आवाज उतरवून म्हणाला,
"थांब थोडी. खरंच बंद झालं असेल
तर उन्हाळ्यापर्यंत दुप्पट येतील."

ती कपाटाकडे बघत राहिली.
हिरव्या मखमलीवर
उचललेल्या पिस्तुलांचे दबलेले आकार.

"बंद झालंय," ती म्हणाली.
"माझ्याकडून घे, पक्की बातमी."

त्याने पैसे मोजले. जुन्याच भावाने.
पिशवी मात्र तिने झटकली,
चार घड्या घातल्या,
आणि परत नेली.