येतो

फाटकाशेजारच्या भिंतीत कोनाडा आहे,
कोनाड्यात पाळणा, पाळण्याला घंटेची दोरी.
रात्री घंटा वाजली की पन्नास आकडे मोजायचे
आणि मग बाहेर जायचं,
असा शलोमीबाईंचा नियम.
ठेवणाऱ्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचू द्यायचं.
थंडी असली की मी तिसावरच उठायचो.

(बाई असून उठायचो म्हणतो म्हणून हसू नका.
कोल्हापूरच्या आम्ही सगळ्या असंच बोलतो.)

पौषातली रात्र. नदीकडनं
गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता.
तिसावर उठलो, कडी काढली,
तर भिंतीपलीकडं नुसत्या चपला करकरल्या,
जवळच,
आणि मग पळाल्या.

पाळण्यात बाळ, निळ्या शर्टात गुंडाळलेलं.
शर्ट फौंड्रीतला,
खिशावर ठिणग्यांची भोकं, शिवणीत काळी वाळू.
तेलाचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा एक,
आंबूस, दुधाचा.
नाळेला ब्लाऊज शिवायचा हिरवा दोरा.
वजन दोन किलो शंभर.

मी काय केलं, तर शर्ट धुतला.
घाण दिसली की हात जातोच.
दोनदा साबण लावला, पिळून वाळत टाकला.

सकाळी शलोमीबाईंनी तो उचलला, नाकाशी नेला
आणि काहीच बोलल्या नाहीत.
बाळाकडं बघितलं फक्त.
ते नाक इकडंतिकडं फिरवत होतं,
चुकलेलं वासरू फिरवतं तसं.
तेव्हा कळलं मला
मी काय धुतलं ते.

गंगावेशीत तालमीतली पोरं
म्हशीचं धारोष्ण दूध पितात, उभ्यानं, फेसासकट.
आमच्याकडं डब्याचं.
तीस मिलीला एक सपाट चमचा,
मनगटावर थेंब टाकून बघायचा.
सहा दिवस त्यानं बाटली धरली नाही.
ड्रॉपरनं घालायचं ओठात, अर्धं गालावरनं ओघळायचं.
सहाही रात्री तो माझ्या छातीशी उघडा, वरनं घोंगडं.
शलोमीबाई खुर्चीत बसून प्रार्थना करायच्या,
मी मनातल्या मनात चांगभलं.
कुणाचं पोचलं, विचारलं नाही कुणी कुणाला.
सातव्या रात्री ओठ हलले.
बाईंनी रजिस्टरात 'वीस मिली' लिहिलं
आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.
एवढ्या टापटिपीच्या बाई, पण रेघ वाकडी आली.

नाव बायबलातलं मिळालं, ओबेद.
मी त्याला फौंड्री म्हणायचो.
रजिस्टरात जन्मतारीख, अंदाजे.
आई, माहीत नाही.
अंगावरचे कपडे, एक निळा शर्ट.
'धुतलेला', हे पुढं मी लिहायला लावलं.
बाई म्हणाल्या, कशाला गं?
म्हटलं, असू दे. खरं आहे ते.

सोळा महिन्यांनी लातूरहून दोघं आली.
कोर्टाचे कागद, फोटो, पेढे.
तो नव्या बुटांत उभा, बुटांकडंच बघत.
त्या बाईनं स्वतःहून शर्ट मागितला,
उलगडला, भोकांतनं बोट फिरवलं,
मग गालाला लावला.
'साबणाचा वास येतोय,' म्हणाली, हसून.
मी दुधाच्या बाटल्या मोजायला आत गेलो.
बाटल्या मोजलेल्याच होत्या.

निघताना म्हणाली, 'येते हं मावशी.'
आपल्यात दारातनं कुणी जाते म्हणत नाही.
तिरडीवरचा सोडला
तर सगळे येतो म्हणूनच जातात.

ती करकरती चप्पल
कोनाड्यापाशी थांबली होती, ती काय म्हणत होती?
की म्हणायचंच राहिलं होतं,
आणि मी तेवढ्यात कडी काढली?

आता घंटा वाजली की
घोंगड्यात पाय घेऊन मी पन्नास मोजतो.
एकोणपन्नासला थांबतो जरा.
बाहेर काही हललं नाही तर पुन्हा एकपासून,
आणि मग उठतो.