बुटाची नाडी

सांता मारियाच्या हौदावर बाटल्या भरल्या
तेव्हा पहाटेचे पावणेसहा. गावात फक्त बेकरीचा दिवा.
दुरी म्हणाला, "चढण पंधराशे मीटरची,
पण सगळी एकदम नाही."
धीर द्यायची ही त्याची पद्धत.

मी झुरिकची. लग्नाला आठ महिने झालेत,
आणि सासऱ्याशी आठ वाक्यं धड बोलले नसेन.
सायकल याखनची, सीट माझ्यासाठी चार बोटं खाली.
तो स्वतः घरी, पाय प्लास्टरमध्ये, खिडकीतून हात हलवत.

लार्चच्या झाडीत रस्ता उभाच राहिला.
खडी इतकी सैल
की मागचं चाक जागच्या जागी दळण दळतं.
शेवटचा गिअर केव्हाच टाकला होता,
तरी अंगठा उगीच आणखी एक शोधत राहिला.
छातीत भाता. कानात फक्त माझीच धाप.
वर पाहायचं नाही, असं ठरवून वर पाहिलं:
वळणावर दुरी. सायकल कठड्याला टेकलेली,
खाली वाकून बुटाची नाडी बांधतोय.

मी पोचले तसा तो उठला.
काही बोलला नाही, निघाला.

पुढच्या वळणावर पुन्हा नाडी.
मग पुलाजवळ.
मग जिथे मार्मोटनं शीळ घातली तिथे.
अडुसष्ट वर्षांचा माणूस, मनात म्हटलं,
चाळीस वर्षं डोंगरात टपाल वाटलं याने,
आणि साधी गाठ मारता येऊ नये?

खिंडीच्या पलीकडे गवळ्याची झोपडी.
लाकडाचं खोड कोरून केलेली डोणी, तिच्यात बर्फाळ पाणी.
आम्ही पाय बुडवले. अक्रोडाचा केक अर्धा अर्धा.
गवतात त्याचे बूट उलटे पडले होते.
त्यांना नाड्या नव्हत्या.
दोन पट्ट्या, चिकटवायच्या.

मी केक चावत राहिले.
गाईंच्या घंटा वाजत राहिल्या.

वाल मोरात पुढे पायवाट अरुंद,
दरडीच्या अंगावरून आडवी गेलेली;
डावीकडे दगड, उजवीकडे नदी, फार खाली, हिरवी.
मला उतार आवडतो. मी सोडून दिलं स्वतःला.
शंभर पावलांवर मागचा आवाज बंद झाला.
वळून पाहिलं तर दुरी उतरलेला,
सायकल दरडीच्या बाजूला घट्ट धरून
एकेक पाऊल टाकतोय, जसं कुणी
झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर पडतं.
बायको म्हणाली होती त्याची, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात:
गेल्या हिवाळ्यापासून डोकं गरगरतं, सांगत नाही कुणाला.

मी थांबले. काय करावं सुचेना.
खाली वाकले आणि बुटाशी खटपट करू लागले.

तो आला. पाहिलं माझ्या बुटाकडे, बराच वेळ.
"तुझ्या बुटाला तर चकती आहे," म्हणाला,
"फिरवायची."

"हो."

"हं."

मग तो हसला, मग मीही,
आणि दरडीवरून दोन-तीन खडे निसटून
खाली गेले; नदीपर्यंत पोचल्याचं काही ऐकू आलं नाही.

तलावापासून पुन्हा चढण, जुना लष्करी रस्ता,
सतरा वळणं. बारावर गारा आल्या,
हरभऱ्याएवढ्या, हेल्मेटवर ताशा.
त्या चढणीत कुणी काही बांधलं नाही.
तो वळणावर उभा राहून सरळ माझ्याकडे पाहायचा,
आणि मी सरळ शिव्या घालायचे, रस्त्याला, गारांना,
पंधराशे मीटरला.

संध्याकाळी याखननं विचारलं, कसं झालं?
"यंदा खडी जास्त टाकलीय," दुरी म्हणाला,
आणि पट्ट्या सोडवत बसला, चर्र, चर्र,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.