खांद्याचं माप

आठवीत गेल्यापासून पोरगं दप्तरातून
मेणाचे खडू काढतं, आणि वहीच्या अख्ख्या पानावर
माणसाचा कणा, त्याच्या वळणांसकट.
सुनेत्राताईंनी म्हणे फळ्यावर तासभर काढला
आणि दुसऱ्या दिवशी पुसला.
"एवढा चांगला, पुसला?"
"वहीत आहे की," ओजस म्हणाला.

पस्तीस वर्षं मी तासगावात, स्टँडच्या मागं
माणसं मोजतोय. छाती, कंबर, बाही, गळा.
बाबर मास्तरांचं पोट सुटलं
हे त्यांच्या बायकोआधी मला कळतं.
पण कापडाच्या आत काय असतं
ते कधी विचारलं नाही. टेप वरून फिरते.

आता जेवताना हा सांगतो,
गळ्याखालचं जत्रुक हाड आईच्या पोटातच
सगळ्यांच्या आधी घट्ट व्हायला लागतं
आणि सगळ्यांच्या शेवटी पुरं होतं.
त्याची आई म्हणते, भात घे.
(मागच्या महिन्यात त्याच भातावर आयोडीन टाकलं.
काळानिळा झाला. कोंबड्यांनीही खाल्ला नाही.)

वर्ष संपायच्या आत प्रत्येकानं
पायमशीनवर एक कपडा शिवायचा.
मला वाटलं, ताईंसाठी शिवेल.
रविवारी शटर ओढल्यावर म्हणाला,
"बाबा, उभे राहा."

माझं माप कुणी घेतलंच नव्हतं.
माझे शर्ट मी अंदाजानं कापतो, उरल्या कापडातून.
गार टेप मानेला लागली तसा दचकलो,
पस्तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची
माफी मागावीशी वाटली.

तो थांबला.
"उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे."
"इस्त्रीचा हात," मी म्हटलं, "कोळशाची, सात किलोची."
मी असतो तर म्हणालो असतो,
आतून पॅड टाकू, दिसणार नाही.
त्यानं गळ्यापासून खांद्यापर्यंत
हाडावरून बोट नेलं, हळू,
अनोळखी गल्लीत घर शोधावं तसं.
आणि दोन आकडे लिहिले. डावा. उजवा.

शर्ट झाला. कॉलर वाकडी,
तिसरं काज बटणाला सापडत नाही.
"उसवून देऊ?" म्हणाला. नको म्हटलं.
उजवा खांदा कुठं ओढत नाही.

परवा बाबर मास्तर आले.
म्हटलं, हात सैल सोडा,
आणि दोन्ही खांदे वेगवेगळे मोजले.
"आज हे काय नवीन?"
मी खडू कानावर ठेवला.
"आठवीला आहे," म्हटलं.