किलोला पन्नास बाट

इस्त्रीचे कपडे मी कालच्या पेपरात बांधते.
जोमटिएनच्या या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे:
बुआफानकडचा गठ्ठा सोडला
की आत एखादा खून निघतो,
नाहीतर हिसकावलेली साखळी,
आणि तिच्याकडे बोट दाखवणारे पाच पोलीस.
आमच्याकडे फोटोत पोलीस बोट दाखवतातच.
जागेकडे, पुराव्याकडे, आरोपीकडे,
आणि सांगितलं तर आरोपीही
स्वतःच्याच चाकूकडे.

बुधवारी बोटं वर होती.
आठवा मजला, निळी बाल्कनी.
परदेशी इसम, वय एकाहत्तर, दार आतून बंद.
झटापटीच्या खुणा नाहीत. चिठ्ठी नाही.
नाव छापलं होतं ते त्याच्या आईलाही
ओळखू आलं नसतं.

माझ्या वहीत तो नुसता हा.
हालवार्ड जिभेवर बसेना, म्हणून पहिलं अक्षर ठेवलं.
आमच्या बोलीत हा म्हणजे पाच,
तेव्हा कॉलरला आतून, लाल दोऱ्याने, पाच टाचला.
इथली पोरं मोबाईलवर हसतात ती तीन पाच लिहून.
हे त्याला कुणीतरी सांगितलेलं.
म्हणाला, अजून दोन टाच,
म्हणजे सदरा तरी हसेल.
दोऱ्याचे पैसे कोण देणार, मी म्हटलं.

समोर एमरिसच्या कॉफीवर आता रोज कोर्ट भरतं.
टॉरलाइफ म्हणतो, त्याचे गुडघे पाहिले होते का?
कठडा चढणारे गुडघे नव्हते ते.
बेल्जियन म्हणतो, बाई असणार.
एमरिस म्हणतो, व्हिसा, आणि कप पुसत राहतो.
वीस वर्षं झाली इथे येऊन,
आमची भाषा येते ती 'तिखट कमी' एवढी.
मग मला हाक मारतात:
तुझ्या पेपरात काय म्हटलंय?
मी वाचून दाखवते. चिठ्ठी नाही.

गल्लीने लॉटरीत आठशे एकाहत्तर लावला.
मीही, वीस बाट.
लागला नाही.

सोमवारी संध्याकाळी आला होता.
एरवी तीन किलो, त्या दिवशी जेमतेम सव्वा.
पाच सदरे, एक पायजमा.
पैसे आधीच दिले. आधी कधी दिले नव्हते.
हे मला आज सुचतंय,
तेव्हा मी सुटे शोधत होते.

खिसे मी तपासते. नेहमी.
नाणी, दातकोरणी, औषधवाल्याच्या पावत्या,
एकदा तर अख्खी कवळी, हिचीच,
म्हणजे त्या बेल्जियनची,
हसू नका, तो दोन दिवस पेज पीत होता.
पण त्या रात्री वीज येत-जात होती,
कालासिनहून लेकीचा फोन,
एक मशीन कण्हत होतं,
आणि मी सगळं एकदम लोटलं.

सकाळी निळ्या सदऱ्याच्या खिशातून लगदा निघाला.
चिकट भाताच्या घासाएवढा.
शाई होती की सदऱ्याचाच रंग उतरलेला,
सांगता येत नाही.
पावती असेल.
पावतीच असेल.

हवालदार आला, पोरगाच, घामाने डवरलेला.
शेवटचं काय बोलला, विचारलं त्याने.
म्हणाला, गरम पाण्यात घालू नकोस.
हे त्याने लिहून घेतलं नाही.
लगद्याचं त्याने विचारलं नाही.

पाचही सदऱ्यांची परीटघडी केली.
बांधायला पेपर चाळत बसले:
प्रत्येक पानावर कुणी ना कुणी पडलेलं.
शेवटी पिठाच्या गोणीचा कागद फाडला, कोरा.
वकिलातीतून कुणी येईल म्हणतात.
महिना झाला की देवळातले भिक्खू उरकतील म्हणतात.
गठ्ठा फळीवर आहे, चार आणि सहाच्या मध्ये.

लगदा खिडकीत ठेवला होता.
वाळला, खडा झाला.
नखाने पाहिलं, सुटत नाही.

आज टॉरलाइफ आला, साडेतीन किलो.
त्याच्यासमोरच मी एकेक खिसा उलटा केला,
सदऱ्यांचे, विजारींचे, चोरखिसेसुद्धा.
काय शोधतेस, त्याने विचारलं.
अठरा बाट निघाले.
मी त्याच्या तळहातावर मोजून ठेवले.